ईओडब्ल्यूची नोटीस आलीय, मी फक्त नावाला डायरेक्टर आहे, आता काय करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चुलतभावाच्या कंपनीत तुम्ही डायरेक्टर आहात, रोजचा कारभार तोच बघायचा, कंपनीने लोकांकडून ठेवी घेतल्या, काही महिने परतावा दिला मग थांबला, आणि आता आर्थिक गुन्हे शाखेची नोटीस दोघांच्या नावाने आलीय. घरचे म्हणतायत जा आणि सगळं खरं खरं सांगून मोकळा हो, मित्र म्हणतायत थोडे पैसे भर म्हणजे केस मिटेल, आणि कुणीतरी फोन रिसेट करून टाक असंही सांगितलंय.

मी बरीच वर्षं फौजदारी कोर्टात आरोपीच्या बाजूने काम करतो, त्यातही ठेवी, बँक, कंपनी अशाच केसेस जास्त. पहिल्या दोन गोष्टी घाईत करू नका आणि तिसरी अजिबातच करू नका. का ते नीट सांगतो, कारण अशा केसमधे माणूस अडकतो तो बहुतेक वेळा कोर्टात नाही, त्याच्या आधीच्या पंधरा-वीस दिवसात, स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या हाताने.

आधी केस कशावर उभी राहते ते बघा. पैसे घेतले आणि परत दिले नाहीत एवढ्याने फसवणूक होत नाही, ती उधारी झाली, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. फसवणुकीसाठी हे दाखवावं लागतं की पैसे घेतले त्या वेळीच, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, नियत खोटी होती. हृदयरंजन प्रसाद वर्मा या केसमधे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हे स्वच्छ सांगितलं आणि त्यानंतर कितीतरी निकालात तेच पुन्हा पुन्हा आलंय. 2024 च्या दिल्ली रेस क्लबच्या निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे, फसवणूक आणि विश्वासघात हे दोन्ही एकाच व्यवहारात एकत्र बसत नाहीत, कारण फसवणुकीत पैसे घेतानाच खोटेपणा असतो आणि विश्वासघातात पैसे रीतसर आलेले असतात पण नंतर गिळले जातात. तरीपण रोज ज्या एफआयआर निघतात त्यात 420 (फसवणूक), 406 (विश्वासघात), 409 (बँकर, एजंट अशा जबाबदार माणसाने केलेला विश्वासघात), 120-ब (कट), 34 (समान हेतू) आणि एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा, असं सगळं एका ओळीत लिहिलेलं असतं. म्हणून तुमच्या बचावाचा जीव तारखांमधे आहे. कोणत्या तारखेला कंपनीची परिस्थिती काय होती, त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं, त्यानंतर पैसे कुठे गेले. बाकीचं सगळं याच्या भोवती फिरतं.

आता ती नोटीस हातात घ्या आणि वर कलम कोणतं लिहिलंय ते बघा, लोक हे बघतच नाहीत, सरळ घाबरतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झालेत. व्यवहार त्याच्या आधीचा असेल तर गुन्ह्याची कलमं जुन्या भादंविचीच लागणार पण एफआयआर नंतर झाली असेल तर तपासाची पद्धत नवीन कायद्याने चालते, त्यामुळे एकाच कागदावर जुनं नवं मिसळलेलं दिसलं तर गोंधळू नका. नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 ची असेल तर सध्या तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि साठीच्या वरच्या माणसाला किंवा बाईला या कलमाखाली ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब त्यांच्या राहत्या घरी घ्यावा लागतो. 94 ची असेल तर कागद मागितलेत. आणि 35(3) ची असेल, म्हणजे पूर्वीची 41-अ, तर तुमच्यावर संशय आहे पण आत्ता अटकेची गरज वाटत नाही असा त्याचा अर्थ. या नोटिशीला हजर राहिलात तर पोलिसांना कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि हजर नाही राहिलात तर तेच अटकेचं कारण होतं. म्हणून जायचं नक्की. जायचं की नाही यावर वाद नाही, कसं जायचं एवढाच प्रश्न आहे. ही नोटीस नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मधे सांगितलंय, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आली म्हणून दुर्लक्ष करणारा माणूस मी शहाणा म्हणणार नाही, वकिलामार्फत लेखी उत्तर द्या आणि रीतसर नोटीस मागा.

एफआयआर झालीय का ते लगेच तपासा. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर 24 तासात पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायची असते, तिथून उतरवून घ्या. आणि त्यात 409 आहे का बघा, नवीन कायद्यात 316(5). हे एक कलम सगळं बदलून टाकतं. साध्या फसवणुकीला जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आहे आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा अटक टाळायची हा अर्नेश कुमार केसपासूनचा 2014 चा नियम तुम्हाला आधार देतो. 409 ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे तो आधार गेला, आणि चार्जशीटची मुदतही साठ दिवसांची नव्वद होते. कंपनीचा डायरेक्टर 409 मधल्या 'एजंट' या शब्दात बसू शकतो हे 1962 च्या दालमिया केसपासून चालत आलंय. तुमच्या एफआयआरमधे 409 किंवा 467 (महत्त्वाच्या दस्ताची बनावट) दिसलं तर नोटीस आलीय म्हणजे अटक नाही असं गृहीत धरून बसू नका, हजर व्हायच्या आधीच सत्र न्यायालयात कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका. आणि हो, नवीन 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, जुन्या कायद्यात 482 म्हणजे हायकोर्टात केस रद्द करायचा अर्ज होता, तो आता 528 झालाय, नेटवरचे जुने लेख वाचताना इथे घोळ होतो.

आता 'सगळं खरं सांगून मोकळा हो' याबद्दल. हा सल्ला देणारी माणसं तुमच्या भल्याचंच बघतात, पण जबाब कसा तयार होतो ते त्यांनी पाहिलेलं नसतं. मी एक उदाहरण सांगतो, एका केसमधल्या चार्जशीटमधलं. अधिकाऱ्याने विचारलं कंपनी तोट्यात आहे हे तुम्हाला माहीत होतं का, समोरचा माणूस सरळ होता, म्हणाला हो साहेब. टायपिंग करणाऱ्याने लिहिलं, 'कंपनी तोट्यात असल्याची मला माहिती होती.' झालं. त्याला ते ताळेबंद आल्यावर, म्हणजे शेवटची ठेव घेतल्यानंतर पाच महिन्यांनी कळलं होतं, पण कधीपासून हे कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. चार्जशीटमधे वाक्य आलं की कंपनी तोट्यात आहे हे माहीत असूनसुद्धा आरोपीने लोकांकडून ठेवी स्वीकारल्या. तो माणूस एक शब्दही खोटं बोलला नव्हता. मी वर म्हटलं ना की सगळं सुरुवातीच्या नियतीवर आहे, तर एका अर्ध्या उत्तराने ती नियतच त्याच्या गळ्यात बांधली गेली.

कायदा इथे तुम्हाला बरंच काही देतो. राज्यघटनेच्या 20(3) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, आणि 1978 च्या नंदिनी सत्पथी निकालाने हा हक्क पोलीस चौकशीतही लागू होतो हे सांगितलंय. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. पण एफआयआर व्हायच्या आधी जी प्राथमिक चौकशी चालते ना, तिथे सही घेतात, लेखी खुलासा मागतात, आणि ते कागद पुढे तुमच्याविरुद्ध वापरायचा पुरेपूर प्रयत्न होतो. म्हणून माझी पद्धत अशी की अशिलाला गप्प बसायला सांगायचं नाही, पूर्ण गप्प बसलं की सहकार्य करत नाही असं लिहून अटकेची मागणी होते. आधी कागद तपासायचे, मग तारखांसकट लेखी म्हणणं द्यायचं, आणि तोंडी प्रश्नांना जे कागदावर पक्कं आहे तेवढंच उत्तर द्यायचं, बाकीला 'कागद बघून लेखी देतो'. हे उत्तर अगदी योग्य आहे, त्यात काही लपवणं नाही, चार वर्षांपूर्वीच्या एन्ट्रीबद्दल आठवणीतून सांगणं हेच खरं बेजबाबदार. कागद देतानाही गठ्ठा उचलून द्यायचा नाही, यादी करायची, प्रत्येक पानावर नंबर, दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. आणि आरोपीला स्वतःविरुद्धचे कागद हजर करायची सक्ती त्या कागद मागायच्या कलमाखाली करता येत नाही, हे 1965 च्या श्यामलाल चोक्सी केसपासून ठरलेलं आहे, त्यामुळे कोणते कागद द्यायचे हा वकिलाबरोबर बसून घ्यायचा निर्णय आहे.

ईडीचं समन्स आलं तर मात्र हे सगळं बदलतं. 420 हे पीएमएलएच्या, म्हणजे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या, परिशिष्टात आहे त्यामुळे मोठ्या रकमेची एफआयआर झाली की मागून ईडी येऊ शकते. तिथे कलम 50 खाली जो जबाब होतो त्यावर सही होते, तो न्यायालयीन कार्यवाही धरला जातो, खोटं बोललात तर तो वेगळा गुन्हा, आणि ईडीचे अधिकारी पोलीस नाहीत असं 2022 च्या विजय मदनलाल निकालात ठरल्यामुळे तो जबाब पुराव्यात वापरता येतो. ईसीआयआरची, म्हणजे ईडीच्या एफआयआरसारख्या अंतर्गत नोंदीची, कॉपी मागितली तरी द्यायचं बंधन नाही. जामिनाला कलम 45 च्या दोन अटी, म्हणजे तुम्ही दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे याबद्दल कोर्टाचं समाधान व्हायला हवं आणि बाहेर येऊन पुन्हा गुन्हा करणार नाही याचंही. बाई, आजारी माणूस, सोळाच्या आतला मुलगा किंवा एक कोटीच्या आतली रक्कम असेल तर यातून सूट मिळू शकते. गेल्या काही वर्षात चित्र थोडं सुधारलंय, 2023 च्या पंकज बन्सल केसनंतर अटकेची कारणं लेखी द्यावीच लागतात, 2024 च्या तरसेम लाल निकालाने तपासात अटक न झालेला माणूस कोर्टाच्या समन्सवर हजर झाला तर त्याला या दोन अटी ओलांडाव्या लागत नाहीत, आणि त्याच वर्षी मनीष सिसोदियांना सतरा महिन्यांनी जामीन देताना खटला लांबत असेल तर माणसाला आत ठेवून चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तरीही ईडीपुढे एकट्याने आणि तयारीशिवाय जाऊ नका एवढंच म्हणेन. मूळ गुन्ह्यातून सुटलात किंवा तो रद्द झाला तर पीएमएलएची केसही टिकत नाही, त्यामुळे सगळं लक्ष ईडीकडे लावून मूळ एफआयआर वाऱ्यावर सोडली असं होऊ देऊ नका, असं झालेलं मी बघितलंय.

आता तुम्ही आज रात्रीपासून करायचं काम. एक मोठी वही किंवा एक्सेल शीट घ्या, चार रकाने करा, तारीख, काय घडलं, त्याचा कागद कुठला, आणि हे अजून कोणाला माहीत आहे. कंपनी रजिस्टर झाली तिथून सुरू करा आणि नोटीस आली त्या दिवसापर्यंत या. पहिली ठेव कधी, शेवटची ठेव कधी, पहिला परतावा कधी चुकला, तुम्ही कोणत्या मीटिंगला होतात, कोणत्या चेकवर सही केलीत, भावाला काळजीचा पहिला मेसेज कधी पाठवलात, त्याने काय उत्तर दिलं. हे वाचायला साधं वाटतं पण माझ्या अनुभवात निम्म्या केसेस या तक्त्यावरच जिंकल्या हरल्या जातात. एका केसमधे तक्रारदाराचं म्हणणं होतं की माल पुरवायच्या नावाखाली ॲडव्हान्स घेतला आणि माल द्यायचा विचारच नव्हता. तक्ता करताना बँक स्टेटमेंटमधे दिसलं की ॲडव्हान्स जमा झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यातले बहुतेक पैसे कच्चा माल देणाऱ्याला आरटीजीएसने गेले होते, त्या पार्टीचं इनव्हॉइस होतं, ई-वे बिल होतं, ट्रकचा नंबर होता, नंतर तो माल खराब निघाला आणि परतही पाठवला होता त्याची डेबिट नोट होती. ज्याला माल द्यायचाच नसतो तो तिसऱ्या दिवशी कच्चा माल कशाला घेईल? जामिनाच्या अर्जात आम्ही पानंच्या पानं निकाल लावले नाहीत, ही पाच कागदं तारखेच्या क्रमाने लावली आणि जामीन मिळाला.

याची उलटी बाजू पण सांगतो, कारण खोटा धीर देऊन उपयोग नाही. तक्त्यात असं दिसलं की परतावा चुकायला लागल्यानंतरही नव्या ठेवी घेतल्या आणि नव्या पैशातून जुन्यांना दिलं, तर तो भाग कठीण आहे आणि तो आपल्याला आधीच माहीत असायला हवा. मग प्रश्न हा होतो की त्या काळात तुमची भूमिका काय होती, त्या ठेवींच्या पावत्यांवर सही कोणाची, तुम्हाला त्यातून पगार, कमिशन किंवा कर्ज मिळालं का. तुमच्या स्वतःच्या खात्यात त्या काळात कंपनीकडून आलेली एकही रक्कम वकिलापासून लपवू नका, तुम्ही नाही सांगितलं तरी बँक पोलिसांना सांगणारच आहे.

फोन. काहीही डिलीट करू नका, नवा फोन घेऊ नका, ऑटो-डिलीट चालू असेल तर बंद करा. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे जामिनाला विरोध करायला सरकारी वकिलांना यापेक्षा चांगलं कारण मिळत नाही. मेसेज समोरच्याच्या फोनमधे असतोच. आणि तुमच्यासारख्या माणसाचा बचाव बऱ्याचदा त्या मेसेजमधेच असतो, दादा हे पैसे लोकांना परत द्यायला हवेत असा तुम्ही पाठवलेला एक मेसेज शंभर पानी अर्जापेक्षा जास्त बोलतो. तो टिकवायचा असेल तर नुसता स्क्रीनशॉट चालत नाही, साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं सर्टिफिकेट लागतं, जुन्या कायद्यात 65-ब. हे सर्टिफिकेट नसेल तर इलेक्ट्रॉनिक कॉपी पुराव्यात येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मधे अर्जुन खोतकर केसमधे, म्हणजे आपल्याच जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, पक्कं केलंय. नवीन फॉर्ममधे हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, लिहावी लागते आणि तज्ज्ञाची सही असलेला दुसरा भागही असतो. फोन पोलिसांनी जप्त करायच्या आधी ही कॉपी वकिलाच्या देखरेखीखाली करून ठेवा. झडती झालीच तर तिचं व्हिडिओ शूटिंग करणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने बंधनकारक आहे, पंचनाम्यात फोनचा आयएमईआय नंबर आला का, सील कसं केलं, हे शांतपणे बघा आणि पंचनाम्याची कॉपी मागून घ्या.

पैसे भरून केस मिटवणे. एका तक्रारदाराची केस असेल आणि खरंच हिशेबाचा वाद असेल तर तडजोड करून हायकोर्टातून 528 खाली केस रद्द करून घेता येते, ग्यान सिंग केसपासून 2012 पासून तो रस्ता आहे. पण 2017 च्या परबतभाई अहिर निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आर्थिक गुन्ह्यांचा परिणाम दोन माणसांपुरता नसतो त्यामुळे तिथे तडजोड झाली म्हणून कोर्ट केस रद्द करेलच असं नाही. तुमच्याकडे एमपीआयडी आहे, म्हणजे तक्रारदार एक पण ठेवीदार शेकडो, एकाला गुपचूप पैसे दिले की बाकीचे म्हणणार याच्याकडे पैसे आहेत, आणि तपास अधिकारी म्हणणार हे पैसे कुठून आले. जामिनासाठी रक्कम भरायची हमी देण्याबद्दल तर खूप सावध राहा. घाबरलेली माणसं कोर्टात सांगून बसतात की मी पंचवीस लाख भरतो, मग भरता येत नाहीत आणि जामीन रद्द होतो. 2023 मधे आणि पुन्हा 2025 मधे महाराष्ट्रातल्याच एका केसमधे सर्वोच्च न्यायालयाने कोर्टांना बजावलंय की जामीन गुणदोषावर ठरवा, जामिनाचं कोर्ट म्हणजे वसुलीचं कोर्ट नाही. ठेवीदारांचे पैसे परत करायची तुमची मनापासून इच्छा असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे, त्यात बरीच म्हातारी माणसं असतात, कोणाची आयुष्यभराची पुंजी असते, हे मी आरोपीचा वकील असूनही कधी विसरत नाही. पण ते कोर्टात, आपले सगळे हक्क अबाधित ठेवून, पावतीसकट करा, कोणाच्या हातात रोख देऊन नको.

आता सगळ्यात नाजूक विषय, भाऊ. तुम्हा दोघांचा वकील वेगळा हवा. मला माहितीय की घरात हे बोलणं किती जड जातं, काका काकू म्हणतील वेळ आली की पलटला, पण तुमचा बचाव हा आहे की कारभार तो बघायचा आणि मला माहीत नव्हतं, आणि त्याचा बचाव कदाचित हा असेल की सगळे निर्णय दोघांनी मिळून घेतले. हे दोन्ही एकच वकील प्रामाणिकपणे मांडू शकत नाही. पुढे एखाद्याला माफीचा साक्षीदार व्हायची संधी आली तर तेव्हा तो वकील कोणाचं हित बघणार? वेगळा वकील घेणं म्हणजे भावाविरुद्ध जाणं नव्हे, दोन्ही वकील एकमेकांशी बोलू शकतात. पण तुम्ही दोघांनी फोनवर जबाब ठरवत बसू नका, ते कॉल रेकॉर्डमधे दिसतं आणि संगनमत म्हणून मांडलं जातं. तसंच तुमच्या सीएशी बोलताना लक्षात ठेवा की वकिलाशी झालेल्या बोलण्याला साक्ष अधिनियमाच्या कलम 132 चं संरक्षण आहे, सीएशी किंवा मित्राशी झालेल्या बोलण्याला नाही. कंपनीत पगारावर असलेल्या लीगल ऑफिसरलाही हे संरक्षण मिळत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मधे सांगितलंय.

'मी फक्त नावाला डायरेक्टर' हे वाक्य मात्र असं बोलू नका, विशेषतः जबाबात. त्यातून असा अर्थ निघतो की सही केली पण वाचलं नाही, आणि एमपीआयडीच्या कलम 3 मधे प्रमोटर, भागीदार, डायरेक्टर, मॅनेजर, इतकंच काय व्यवस्थापनाला जबाबदार असलेला कर्मचारीसुद्धा येतो. मांडायचं ते असं की कंपनीच्या फौजदारी कृत्यासाठी डायरेक्टरला आपोआप जबाबदार धरता येत नाही, एकतर त्याचा स्वतःचा सहभाग आणि नियत दाखवा किंवा कायद्यात तसं स्पष्ट कलम दाखवा. सुनील भारती मित्तल केसमधे 2015 साली हे ठरलंय. एमपीआयडीत तसं कलम आहे, म्हणून तिथे लढाई 'व्यवस्थापनाला जबाबदार कोण' या मुद्द्यावर होते आणि ती कागदावर जिंकायची असते. कोणत्या बोर्ड मीटिंगला तुमची हजेरी आहे, बँकेत सही करायचे अधिकार कोणाला, लॉगिन कोणाकडे, पगार कोणी घेतला, एजंटांना कोण भेटायचं. आरओसीच्या (कंपनी रजिस्ट्रारच्या) साइटवरून कंपनीचे सगळे फॉर्म उतरवून घ्या, बऱ्याचदा माणसाला माहीतही नसतं की त्याच्या डिजिटल सहीने काय काय फाइल झालंय. आणि आत्ता घाबरून राजीनामा देऊ नका किंवा दिलात तर त्यातून काही सुटेल असं समजू नका, कंपनी कायद्याच्या कलम 168 प्रमाणे पदावर असतानाच्या काळाची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते. मागची तारीख टाकून राजीनामा तयार करायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाशी पुन्हा या विषयावर बोलू नका, त्याने बनावट दस्ताचा नवा गुन्हा तयार होतो.

अटक झालीच तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा की घाबरून कोणाला पैसे द्यायचे नाहीत, वकिलाला फोन करायचा. अटकेची कारणं लेखी आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळायला हवीत, रिमांडसाठी कोर्टात नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी, हे नोव्हेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सगळ्याच गुन्ह्यांना लागू झालंय. चौकशीत वकिलाला भेटायचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 38 ने आहे, पूर्ण वेळ तो शेजारी बसू शकत नाही पण भेट नाकारता येत नाही. जामिनाला विरोध करताना 'आर्थिक गुन्हे हा वेगळाच वर्ग आहे' हे 2013 च्या जगनमोहन रेड्डी निकालातलं वाक्य हमखास वाचलं जातं, त्याला उत्तर म्हणून संजय चंद्रा 2011 आणि चिदंबरम 2019 हे निकाल आहेत, पण खरं सांगू का, खालच्या कोर्टात निकालांपेक्षा हे जास्त चालतं की सगळे कागद आधीच जप्त झालेत, नोटिशीला प्रत्येक वेळी हजर राहिलात त्याची पोच आहे, पासपोर्ट जमा करायची तयारी आहे. म्हणूनच ती पोच घ्यायची सवय.

बँक खातं गोठवलं असेल तर नुसतं बँकेत भांडून काही होत नाही, कोणत्या कलमाखाली गोठवलंय ते पत्र बँकेकडून घ्या आणि कोर्टात अर्ज करा, पगार, औषधोपचार, मुलांची फी यासाठी काही भाग मोकळा करून मिळू शकतो.

चार्जशीटनंतरचं आत्ता थोडक्यात सांगतो. फोरेन्सिक ऑडिट रिपोर्ट आला की लोक खचतात, जाडजूड असतो, रंगीत तक्ते असतात. त्याचं पहिलं प्रकरण वाचा जिथे ऑडिटरने लिहिलेलं असतं की आम्ही मिळालेल्या माहितीवर विसंबून आहोत आणि अमुक कागद आम्हाला मिळाले नाहीत. उलटतपासणीचा निम्मा माल तिथे असतो. आपल्या बाजूने एक चांगला सीए त्या रिपोर्टमागच्या एन्ट्री तपासायला लावा. दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला चालायच्या आधीच आरोपातून वगळा अशा, अर्जाला आता साठ दिवसांची मुदत आहे, पूर्वी अशी मुदत नव्हती, त्यामुळे जुन्या सवयीने चार तारखा घेऊ असं म्हणणारा वकील असेल तर त्याला आठवण करा. आणि कागद मान्य-अमान्य करायला तीस दिवस असतात, तिथे बँक स्टेटमेंटसारखे कागद उगाच अमान्य करू नका, पण ज्या कागदावर तुमची सही आहे असं म्हटलंय तो मूळ कागद बघितल्याशिवाय मान्य करू नका.

तुमच्या नोटिशीवर हजर व्हायची तारीख चार दिवसांवर आहे असं दिसतंय. तेवढ्यात वकील आणि कागद दोन्ही होणार नाहीत. उद्या सकाळी वकिलाकडून अर्ज तयार करून घ्या, त्यात नोटीस मिळाली, मी तपासाला पूर्ण सहकार्य करणार आहे, जुने कागद गोळा करायला दहा दिवस द्यावेत, एवढंच लिहा, केसबद्दल एक अक्षर नको. तपास अधिकाऱ्याला ईमेल करा आणि एक प्रत माणूस पाठवून आवक शाखेत शिक्का मारून आणा. मुदत मिळाली तर लेखी किंवा मेसेजवर घ्या, आणि मिळाली नाही तर चौथ्या दिवशी वकिलाला घेऊन दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी तिथे पोचा, सोबत आधार, पॅन आणि त्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत.